एअर काढूनही ब्रेकचा लिव्हर पुन्हा मऊ का पडतो?

बाइकच्या पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊ लागायला लागला की जो तो एकच सांगतो: एअर काढून घे, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा. एअर काढतात, लिव्हर टणक होतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बोटांखाली पुन्हा तेच. मग परत एअर. असं दोन-तीनदा झालं की मास्टर सिलेंडर, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग, बदलायची भाषा सुरू होते. तो बदलूनही काही दिवसांनी लिव्हर ग्रिपकडे झुकायला लागतो तेव्हा ‘या गाडीचे ब्रेक असेच’ असं म्हणून विषय सोडून दिला जातो.

मुळात हवा आत येते कुठून? बंद नळीत ती आपोआप तयार होत नाही. ऑइल उकळलं तर वाफ होते, तो प्रकार वेगळा, त्याकडे पुढे येऊ. एरवी हवेला शिरायला फट लागते, आणि तशी फट असेल तर लिव्हर दाबल्यावर तिथून बहुधा थोडं तरी ऑइल पाझरतं. बँजो बोल्ट (ऑइलचा होज पाइप जोडणारा पोकळ बोल्ट), निपल (एअर काढायचा स्क्रू), कॅलिपर (डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा भाग), लिव्हरमागचं रबरी बूट या सगळ्या जागा कोरड्या आहेत, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी हललेली नाही, आणि तरी लिव्हर पुन्हा मऊ पडतो, अशा वेळी माझा पहिला संशय हवेवर नसतोच. तो कॅलिपरमधल्या, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पिस्टनवर असतो.

मग एअर काढल्यावर फरक का पडतो? कारण ते काम करताना आपण लिव्हर पन्नास-साठ वेळा दाबतो. अडकत सरकणारे पिस्टन त्या दाबादाबीत पुढे येतात, पॅड डिस्कच्या अगदी जवळ जाऊन बसतात आणि लिव्हर वरच टणक लागतो. श्रेय मिळतं नव्या ऑइलला. गाडी चार दिवस चालली की पिस्टन पुन्हा नको तितके मागे जातात. रात्रभर लिव्हर ग्रिपला दाबून बांधून ठेवायच्या प्रसिद्ध उपायाचंही बरंचसं गुपित यातच आहे. दाबाखाली पिस्टनभोवतीचं रबरी सील त्याच्यावर थोडं सरकून नवी जागा धरतं, म्हणून सकाळी लिव्हर छान लागतो. बारीक बुडबुडे असतील तर त्यांनाही या उपायाने फायदा होतो, नाही असं नाही. पण दर आठवड्याला लिव्हर बांधावा लागत असेल तर ती दुरुस्ती नव्हे.

आधी लिव्हर वाचा

पाना हातात घेण्याआधी गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा आणि लिव्हर एकदा अगदी सावकाश दाबा. लिव्हर किती आत जातो एवढंच पाहू नका. तो कसा जातो तेही पाहा.

सुरुवातीचा बराच प्रवास पोकळ, बोटाला काहीच न लागणारा, आणि मग एकदम भिंत लागल्यासारखा टणक: अशा वेळी पॅड डिस्कपासून फार लांब आहेत. हवा असेल तर अशी भिंत लागत नाही. जोर वाढवाल तसा लिव्हर आत जात राहतो, सोडला की उसळून येतो. भराभर तीन-चार वेळा दाबून शेवटचा दाब धरून ठेवलात तर लिव्हर दोन्ही प्रकारांत वर येतो, म्हणून नुसत्या पंपिंगवरून निकाल देऊ नका. पंप केल्यानंतरही तळाशी लवचीकपणा उरतो की नाही, हे महत्त्वाचं. उरत असेल तर हवा, फुगणारा होज पाइप किंवा वाकडा बसलेला पॅड, यांपैकी एक धरा.

मग लिव्हर बऱ्यापैकी जोराने दाबून मिनिटभर तसाच धरा. तो हळूहळू ग्रिपकडे बुडत गेला, तर दाब कुठून तरी सुटतोय. बाहेर ओल दिसली नाही तर मास्टर सिलेंडरमधलं पुढचं वॉशर, म्हणजे प्रायमरी कप, ऑइल मागे सोडतंय. बाकी कुठल्याही चाचणीपेक्षा हिचा निकाल गंभीर आहे. असा ब्रेक घेऊन रस्त्यावर जाऊ नये.

टाकीचं झाकण आणि आतला रबरी पडदा काढून, कडेने कापड गुंडाळून, आत डोकावूनही बरंच कळतं. लिव्हर अगदी किंचित दाबताच तळाच्या बारीक छिद्रातून ऑइलची इवलीशी उसळी दिसली पाहिजे. ती दिसली की छिद्र मोकळं आहे. आता भराभर पंप करा, दाबून धरा आणि एकदम सोडा. ऑइल कारंज्यासारखं उडालं तर आत दबलेली हवा आहे, कारण द्रव दाबला तरी आकसत नाही, आकसते ती हवा. चेहरा लांब ठेवा आणि पेट्रोलची टाकी झाकून घ्या. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर पुसत बसण्याऐवजी लगेच भरपूर पाणी ओता, ते पाण्यात मिसळतं.

आणखी एक निरीक्षण. उभ्या गाडीवर लिव्हर दिवसभर नीट लागतो, पण खड्ड्यांतून किंवा वळणांतून गेल्यावर पहिला दाब लांब जातो आणि दुसरा नेमका वर लागतो, असं होतं का? मग डिस्क पॅडना मागे ढकलतेय. पुढचं चाक उचलून दोन्ही हातांनी आडवं हलवा. कट्‌कट्‌ जाणवली तर बेअरिंग पाहा. फोर्कच्या पायाला एक केबल टाय बांधून त्याचं टोक डिस्कच्या अगदी जवळ आणा आणि चाक फिरवा, डिस्कचं डुलणं तिथे डोळ्यांना दिसतं. बऱ्याच कंपन्या ०.३ मिमी ही शेवटची मर्यादा मानतात आणि ती मोजायला डायल गेज लागतो. टाय फक्त संशय पक्का करतो. ब्रेक लावल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडत असेल तर तपास याच दिशेने करा, शिवाय डिस्कची जाडी सगळीकडे सारखी आहे का तेही पाहा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते.

पिस्टनचा हिशेब

पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. ते काम चौकोनी काटछेदाचं रबरी सील करतं. दाब आला की पिस्टन पुढे जातो आणि त्याला धरून सील जरासं पिळलं जातं. दाब सुटला की सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. पॅड झिजतील तसा पिस्टन सीलमधून थोडा थोडा पुढे घसरत राहायला हवा. त्याच्यावर धूळ, पॅडची भुकटी आणि गंज यांचा थर बसला की हे घसरणं थांबतं. सील पिस्टनला चिकटून बसतं, जास्त पिळलं जातं आणि सोडल्यावर पिस्टनला तितकंच जास्त मागे खेचतं.

केसभराने असं काय बिघडतं, ते आकड्यांत पाहा. समजा मास्टर सिलेंडर १२.७ मिमी व्यासाचा आहे आणि कॅलिपरमध्ये २७ मिमी व्यासाचे दोन पिस्टन आहेत. दोन्ही पिस्टनचं मिळून क्षेत्रफळ मास्टरच्या सुमारे ९ पट भरतं. पिस्टन नेहमीपेक्षा फक्त ०.२ मिमी जास्त मागे गेले, तर ती जागा भरायला मास्टरचा पिस्टन १.८ मिमी जास्त ढकलावा लागतो. लिव्हरचं गुणोत्तर ५ धरलं, म्हणजे मास्टरचा पिस्टन १ मिमी सरकायला बोटांना ५ मिमी प्रवास करावा लागतो असं मानलं, तर बोटांखाली ९ मिमीचा पोकळ प्रवास वाढला. हवेचा एक बुडबुडाही नसताना!

‘मोठा मास्टर सिलेंडर लावा, लिव्हर दगडासारखा होईल’ या सल्ल्यातली गोमही याच हिशेबात आहे. १४ मिमीचा बसवला की तेवढ्याच प्रवासात जास्त ऑइल ढकललं जातं, लिव्हर वर लागतो, रोग झाकला जातो. पण तोच ब्रेक मिळवायला बोटांना सुमारे एक पंचमांश जोर जास्त लावावा लागतो. टणक लिव्हर आणि चांगला ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साफसफाईसाठी होज पाइप उघडायची गरज नाही. कॅलिपर फोर्कवरून उतरवा, पॅड काढा, आणि मधे लाकडाची चपटी पट्टी धरून लिव्हर हळूहळू दाबा. पिस्टन सात-आठ मिलिमीटर बाहेर आले की थांबा. पट्टी नसेल तर एखादा पिस्टन पूर्ण बाहेर पडतो, आणि मग सगळं काम नव्याने. इथेच बहुधा दिसेल की एक पिस्टन सरसर येतोय आणि दुसरा ढिम्म आहे. गरम साबणाचं पाणी किंवा ब्रेक क्लीनर आणि जुना टूथब्रश घेऊन बाहेर आलेला भाग सगळीकडून घासा. मागची बाजू हमखास सुटते. तिथे कापडाची अरुंद पट्टी गुंडाळून दोन्ही टोकांनी आळीपाळीने ओढा. सँडपेपर वापरू नका, पिस्टनवरचं कडक आवरण जातं. स्वच्छ झाल्यावर कडेला ब्रेक ऑइलचं बोट फिरवा किंवा ब्रेकच्या रबरासाठी मिळणारं लाल ग्रीस अगदी पुसट लावा. साधं ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, गंज सोडवणारे स्प्रे यांपैकी काहीही सिलांजवळ आणू नका. या सिलांचं रबर खनिज तेलाने फुगतं.

आता पिस्टन हाताने मागे दाबा. टाकीतलं ऑइल वर चढेल, ते ओसंडू देऊ नका. मग चलाख पिस्टन अंगठ्याने दाबून धरा आणि लिव्हरने फक्त आळशी पिस्टन पुढे आणा. परत आत. हे पाच-सात वेळा, दोघे सारख्याच वेगाने हलेपर्यंत. एवढं करूनही एखादा अडत असेल तर कॅलिपर पूर्ण उघडून सिलं बदलणं आलं. तेव्हा सीलच्या खाचेत मागे साचलेला पांढरा, खरखरीत थर खरवडून काढलाच पाहिजे. तो ॲल्युमिनियमचा क्षार असतो आणि नव्या सिलालाही पिस्टनवर तसंच आवळतो. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर पिस्टनही नवा.

पिस्टन एकाच बाजूला असलेल्या तरंगत्या कॅलिपरमध्ये स्लायडर पिन तपासा. कॅलिपर या पिनांवर आडवा सरकायला हवा. पिन सुकली की पिस्टनकडचा पॅड डिस्कला वाकवत पलीकडच्या पॅडवर नेतो आणि लिव्हर स्प्रिंग दाबल्यासारखा लागतो. लोक त्यालाच हवा समजतात. दोन पॅडची झीज एकसारखी नसणं किंवा एकच पॅड तिरका झिजणं ही याची खूण. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. फाटलेली रबरी टोपी बदला, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत जाईल. नवे पॅड टाकल्यावर लिव्हर थोडा मऊ लागतो तो मात्र रोग नाही. पॅडचा पृष्ठभाग डिस्कशी जुळेपर्यंत, साधारण पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर, ते चालायचंच.

खरोखरच हवा असेल तर

कारंजं उडालं, लिव्हर उसळतोय, म्हणजे हवा आहे. ती कुठे अडते हे माहीत असेल तर निम्मं ऑइल वाचतं. बुडबुडे वर जातात, म्हणून सर्वात हट्टी हवा मास्टर सिलेंडरच्या बँजो बोल्टपाशी बसते. खाली कॅलिपरच्या निपलमधून लिटरभर ऑइल काढलं तरी ती तिथेच राहू शकते. हँडल असं वळवा की बँजोचं टोक टाकीपेक्षा उंच राहणार नाही. मग झाकण काढून लिव्हर फक्त पहिले काही मिलिमीटर, हलक्या झटक्यांनी, बराच वेळ हलवत राहा आणि मधूनमधून होज पाइपवर टिचक्या मारा. बारीक बुडबुडे टाकीत वर येताना दिसतील. ते थांबले नाहीत तर कापड गुंडाळून, लिव्हर दाबून, बँजो बोल्ट पाव फेरा सैल करा आणि लिव्हर सोडायच्या आत घट्ट करा. बोल्ट पूर्ण काढायची वेळ आली तर त्याचे दोन्ही धातूचे वॉशर नवे टाका. एकदा चेपलेलं वॉशर पुन्हा नीट सील होईलच असं नाही, आणि ‘एअर परत आली’ या तक्रारीचं खरं उगमस्थान अनेकदा हेच असतं.

निपलवरचं काम नेहमीचंच: पारदर्शक नळी, तिचं टोक ऑइलमध्ये बुडवलेलं, दाबा, उघडा, बंद करा, मगच सोडा. टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नका. जुन्या गाडीवर लिव्हर पार ग्रिपपर्यंत दाबू नका, मागे लाकडाचा तुकडा ठेवा. रोजच्या वापरात मास्टरचा कप सिलेंडरच्या जेवढ्या भागात फिरतो तेवढाच गुळगुळीत राहतो. त्यापुढच्या गंजात कप ढकललात तर त्याची कड कातरली जाते, आणि एअर काढायला बसलेली गाडी वॉशर किट, म्हणजे मास्टरच्या रबरी कपांचा संच, मागते. व्हॅक्यूम पंप वापरणाऱ्यांना बुडबुडे संपतच नाहीत असं दिसतं. त्यातले बरेच निपलच्या आट्यांमधून ओढले गेलेले असतात, नळीतले नसतात. आणि निपल कॅलिपरच्या सर्वात उंच जागी आहे ना, हे पाहा. नसेल तर कॅलिपर उतरवून, पॅडमध्ये पट्टी ठेवून, निपल वर धरून एअर काढा.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट क्रमांकाचंच, म्हणजे त्याच प्रतीचं. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३०, डॉट ५.१ किमान २६०. ही ऑइलं हवेतला ओलावा शोषतात, आणि ओल्या ऑइलचे किमान आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० इतके खाली येतात. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरायची नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं. नावातलं साम्य पाहून ते यांपैकी कशातही मिसळू नका.

लिव्हर गार गाडीवर ठीक आणि लांब उतार उतरताना एकदम पोकळ होत असेल, तर ऑइल उकळून वाफ झालीय. थंड झाल्यावर लिव्हर परत येतो, म्हणून लोक विसरतात. विसरू नका, ऑइल बदला, आणि ब्रेक सतत घासत राहून तापतोय का तेही पाहा. तापल्यावर लिव्हर टणकच राहतो पण गाडी थांबत नाही, तर दोष पॅडचा.

घासणाऱ्या ब्रेकची एक सुंदर चाचणी आहे. चाक जड फिरतंय अशा वेळी आधी मास्टरकडचा बँजो क्षणभर सैल करा. चाक मोकळं झालं तर दाब मास्टरमध्ये अडकला होता: टाकीच्या तळाचं बारीक छिद्र तुंबलंय किंवा लिव्हर पिस्टनला सतत दाबून ठेवतोय. बाजारातले फॅन्सी लिव्हर लावल्यावर हे होतं, कारण त्यांच्यात किंचित मोकळी हालचालच उरत नाही. ऑइल तापून फुगतं, त्याला टाकीत परतायला वाट नसते, आणि लिव्हर टणक होत होत चाक जाम होतं. बँजो सैल करूनही चाक सुटलं नाही, पण कॅलिपरचं निपल सैल करताच सुटलं, तर होज पाइप आतून सुजलाय. तेही करून सुटलं नाही, तर अडलेत पिस्टन किंवा पिना.

फुगणारा होज डोळ्यांनी किंवा हातानेही कळतो. एकाने लिव्हर जोरात दाबायचा, दुसऱ्याने पाइपवर बोटं ठेवायची. पाच-सहा वर्षं जुना रबरी पाइप असेल, भेगा दिसत असतील, तर चाचणीची वाट न पाहता बदला. स्टीलच्या जाळीचा पाइप कमी फुगतो आणि लिव्हरचा फरक लगेच जाणवतो.

मास्टर सिलेंडरवर शिक्कामोर्तब करण्याआधी त्याला एकटा पाडा. होज पाइप सोडून बँजोच्या जागी त्याच आट्यांचा भरीव बोल्ट वॉशरसकट बसवा, तिथली एअर काढा आणि लिव्हर दाबा. जवळजवळ न हलता दगडासारखा लागला आणि धरून ठेवल्यावर बुडला नाही, तर मास्टर निर्दोष आहे. पैसे दुसरीकडे घाला. बुडला, किंवा लिव्हरमागचं बूट उचलल्यावर आत ओल दिसली, तर वॉशर किट. सिलेंडरच्या आत ओरखडे असतील तर किटने भागणार नाही, पूर्ण मास्टर घ्यावा लागेल. या भानगडीत पडण्याआधी लिव्हरचा पिव्होट बोल्ट मात्र काढून पाहा. भोक लांबट झालं असेल तर पहिला प्रवास तिथेच वाया जातो, आणि नवा बोल्ट व थोडं ग्रीस एवढ्यावर काम भागतं.

एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत ऑइल पूर्ण निथळलं असेल तर हवा तिच्या मॉड्युलेटरच्या, म्हणजे ऑइलचा दाब सांभाळणाऱ्या भागाच्या, आत अडकू शकते. ती हाताने निघत नाही. त्याचे व्हॉल्व्ह चालवायला सर्व्हिस सेंटरमधलं निदान यंत्र लागतं. निपलवर डोकं फोडत बसू नका.

काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर पंप करून पॅड डिस्कला टेकवा. पिस्टन मागे दाबलेले असतात आणि पहिला दाब रिकामाच जातो. मग बेताच्या जोराने लिव्हर दाबून ग्रिप आणि लिव्हर यांच्यातलं अंतर मोजा, आकडा लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी तेवढ्याच जोराने पुन्हा मोजा. ‘मऊ वाटतोय’ या शब्दावर दोन माणसांचं एकमत होत नाही, पट्टीवरच्या मिलिमीटरवर होतं.